उचललेलं शून्य

एसी सिग्नलला डीसी ऑफसेट का द्यायचा, हे कोणालाही पटकन पटतं. सिग्नल वर जातो तसा खालीही जातो, मायक्रोकंट्रोलरला शून्याच्या खालचं काही दिसत नाही, म्हणून सगळा सिग्नल उचलून अडीच व्होल्टवर नेऊन बसवायचा. पण तोच सिग्नल ब्रिज रेक्टिफायरमधून काढला की खालच्या कमानी उलटून वर येतात. आता सगळं शून्याच्या वरच आहे. मग त्याला आणखी वर उचलायचं कशासाठी? डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलांपासून एमआयडीसीत पॅनल बांधणाऱ्या वायरमनपर्यंत सगळ्यांना हा प्रश्न पडतो, आणि तो रास्त आहे. पाठ्यपुस्तकात रेक्टिफायरचं प्रकरण एका टोकाला असतं आणि समिंग अँप्लिफायरचं दुसऱ्या टोकाला. दोघांची गाठ पडते ती थेट कामावर, तीही बहुधा साहेब मागे उभे असताना.

ही पुस्तिका त्या गाठीबद्दल आहे. विषय एवढासा, त्यावर स्वतंत्र पुस्तिका कशाला, असं काहींना वाटेल. माझं म्हणणं असं की ऑफसेट जोडायला दोन रेझिस्टर पुरतात, त्यात शिकण्यासारखं फार नाही. तो पुढे तंतोतंत वजा करता येईल अशा बेताने जोडणं, हे खरं काम आहे. वजा करता येत नाही असा ऑफसेट म्हणजे साधी चूक, फक्त ती आपण हौसेने सर्किटमध्ये घातलेली असते. पुढच्या पानांतली सगळी सर्किटं मी या एकाच कसोटीवर निवडली आहेत.

आधी त्या रास्त प्रश्नाचं उत्तर. ते शोधायला प्रयोगशाळेपेक्षा कारखान्यात जावं. मोठ्या मोटरचा करंट कंट्रोल रूममध्ये दाखवायचा असतो तेव्हा मोटरच्या केबलवर सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, बसवतात. समजा तो १००/५ चा आहे. केबलमधून १०० अँपिअर गेले की सीटीच्या सेकंडरीतून ५ अँपिअर येतात. हा करंट ट्रान्सड्यूसरमध्ये जातो, तिथे तो लहान केला जातो, रेक्टिफाय होतो, त्याची सरासरी काढली जाते आणि मग दोन तारांवरून ४ ते २० मिलिअँपिअरच्या रूपात तो शे-दोनशे मीटर लांबच्या पॅनलपर्यंत पोचतो. मोटर बंद असताना तारेतून ४ मिलिअँपिअर जातात, ५० अँपिअरला १२ आणि १०० अँपिअरला २०. पॅनलमध्ये २५० ओहमचा रेझिस्टर असतो, त्यावर त्याचे १ ते ५ व्होल्ट होतात.

हे सुरुवातीचे ४ मिलिअँपिअर म्हणजे रेक्टिफाय केलेल्या सिग्नलला मुद्दाम दिलेला डीसी ऑफसेट. मोजमापाच्या दृष्टीने तो निव्वळ तोटा आहे, कारण पट्ट्याचा पाचवा भाग वाया जातो. तरी जगभरच्या कारखान्यांनी तो राजीखुशीने पत्करला. कारण सिग्नल ० पासून सुरू झाला असता तर मोटर बंद आहे की उंदराने तार कुरतडली आहे, हे पॅनलला कधीच कळलं नसतं. दोन्ही वेळा आकडा शून्यच. ४ पासून सुरुवात केली की शून्य मिलिअँपिअरचा अर्थ एकच उरतो: तार तुटली. नामूर या संघटनेच्या एनई ४३ शिफारशीने तर याची हद्दही आखून दिली आहे. ३.६ मिलिअँपिअरच्या खाली किंवा २१ च्या वर आकडा गेला तर ते मोजमाप मानायचं नाही, बिघाड मानायचा. ४ पासून सुरुवात करण्याच्या या पद्धतीला इन्स्ट्रुमेंटवाले लाइव्ह झिरो म्हणतात. तिचा आणखी एक फायदा असा की टू-वायर ट्रान्समीटर स्वतःचं पोट त्या ४ मिलिअँपिअरमध्येच भागवतो, त्याला वेगळी सप्लायची तार ओढावी लागत नाही. विजेच्या आधी हेच काम हवेच्या दाबावर चालायचं, ३ ते १५ पीएसआय. तिथेही सुरुवात शून्यापासून नव्हती आणि कारणही तेच होतं.

दुसरं कारण अगदी हातातलं आहे. ईएसपी३२ नावाचं शंभर प्रोजेक्टांत दिसणारं बोर्ड घ्या. त्याचा एडीसी १२ बिटांचा, ऐकायला छान, पण सर्वात मोठ्या रेंजवर तो सुमारे १५० मिलिव्होल्टच्या खाली आणि २४५० मिलिव्होल्टच्या वर भरवशाचा नाही. उत्पादकाने हे लपवलेलं नाही, डेटाशीट वाचणाऱ्याला ते दिसतं. आता ब्रिजमधून आलेला सिग्नल दर १० मिलिसेकंदांनी शून्याला टेकतो. म्हणजे सेकंदाला शंभर वेळा तो नेमक्या त्या आंधळ्या पट्ट्यात जातो. एलएम३५८ या ऑप-अँपचंही असंच. तो ग्राउंडपर्यंत उतरतो असं सगळे सांगतात, आणि ते खोटं नाही. पण तळाशी पोचल्यावर त्याची करंट ओढून घेण्याची ताकद जेमतेम ५० मायक्रोअँपिअरवर येते. आउटपुटवर थोडं ओझं असेल तर तळ शून्यावर न बसता काही दशांश व्होल्ट वर राहतो आणि कमानींमधली दरी बोथट होते. वरच्या बाजूला तो सप्लायपेक्षा दीड व्होल्ट खालीच थांबतो. ५ व्होल्टवर चालवला तर वापरता येण्याजोगी जागा उरते साडेतीनपर्यंतची. घर जोत्यावर बांधतात ते आतली जमीन कोरडी राहावी म्हणून. सिग्नलचा तळही या ओलीपासून थोडा वर घ्यावा लागतो. किती वर? ०.३ ते ०.५ व्होल्ट बहुतेक ठिकाणी पुरतात. जास्त उचललं तर वर डोकं आपटतं.

आता मुख्य प्रश्न: ऑफसेट जोडायचा कुठे? रेक्टिफायरच्या आधी की नंतर? बरेच जण म्हणतात, बेरीजच करायची आहे, कुठेही करा. इथेच घोळ होतो. रेक्टिफायर सिग्नलला शून्याच्या रेषेभोवती दुमडतो. त्याच्या आधी ऑफसेट दिला तर दुमडण्याची रेषा जागेवर राहते आणि सिग्नल सरकतो. २ व्होल्ट पीकच्या सिग्नलला आधी अर्धा व्होल्ट दिला आणि मग तो आदर्श रेक्टिफायरमधून काढला, तर एक कमान अडीच व्होल्टची आणि पुढची दीड व्होल्टची होते. आधी २ व्होल्ट दिले तर सिग्नल शून्याच्या खाली जातच नाही. रेक्टिफायरला दुमडायला काही उरत नाही आणि १०० हर्ट्झच्या जागी मूळचे ५० हर्ट्झ तसेच बाहेर पडतात. यातून एक उपयोगी खूणगाठ मिळते. स्कोपवर लहान-मोठ्या, लहान-मोठ्या अशा एकाआड एक कमानी दिसल्या तर डायोडवर संशय घेण्याआधी इनपुटला डीसी येतोय का ते बघावं. सीटीवरून १० मिलिव्होल्ट येत असतील आणि ऑप-अँपचा स्वतःचा इनपुट ऑफसेट ५ मिलिव्होल्ट असेल, तर कमानी १५ आणि ५ च्या होतात. हा काल्पनिक आकडा नाही. सामान्य ऑप-अँपचा ऑफसेट काही मिलिव्होल्टांचा असतोच.

मात्र आधी दिलेला ऑफसेट नेहमीच वाईट असं समजू नका. मीडियम वेव्हचा सगळा रेडिओ त्याच्यावर उभा आहे. आवाजाचा सिग्नल दोन्ही बाजूंना जातो. तो तसाच कॅरिअरशी गुणला असता तर रेडिओतल्या एका डायोडने तो पुन्हा काढता आला नसता, कारण डायोडने आवाजाचा खालचा भाग वर दुमडून टाकला असता. म्हणून प्रक्षेपणाच्या वेळीच आवाजात एक ठाम डीसी पातळी मिसळली जाते, इतकी की आवाज कितीही खाली गेला तरी बेरीज शून्याच्या वर राहावी. ओव्हरमॉड्युलेशन म्हणजे हा ऑफसेट कमी पडणं. तेव्हा रेडिओतून जो फाटका आवाज येतो, तो त्या दुमडण्याचाच.

आणि डायोडला जागं करण्यासाठी दिलेला ऑफसेट तर त्याहून जुना. खनिजाच्या स्फटिकातून वीज एका दिशेला सहज जाते आणि दुसरीला अडते, हे फर्डिनंड ब्राउन यांनी १८७४ मध्ये पाहिलं होतं. जगदीशचंद्र बोस यांनी गॅलिनाच्या स्फटिकाचा डिटेक्टर बनवून १९०१ मध्ये अमेरिकेत पेटंटसाठी अर्ज केला आणि १९०४ मध्ये ते मिळालं. १९०६ मध्ये डनवुडी यांचा कार्बोरंडमचा, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचा डिटेक्टर आला. तो दणकट होता, जहाज हलल्याने बिघडत नव्हता, पण सुस्त. त्याला एक छोटी बॅटरी आणि पोटेन्शिओमीटर जोडून थोडं डीसी दिलं की तो वळणाच्या जागी येऊन बसायचा आणि मग अगदी लहान सिग्नलही पकडायचा. आजचा विद्यार्थी ०.७ व्होल्टच्या अडथळ्यावर जी युक्ती शोधतो, ती शंभर वर्षांपूर्वीचा रेडिओ ऑपरेटर रोज हाताने फिरवत होता. आपल्याकडच्या पुस्तकांत बोस यांचं नाव गौरवाने येतं आणि ते यावंच, पण गॅलिनाचा डायोड नेमका करतो काय, हे त्याच पानावर सांगितलं असतं तर जास्त बरं झालं असतं.

आपलं काम मोजमापाचं असल्याने आपण ऑफसेट नंतरच जोडणार. इथे दुसरा सापळा आहे, कपॅसिटरचा. साध्या एसीला बायस द्यायची सवय झालेला हात आपोआप तेच सर्किट मांडतो: एक कपॅसिटर सिरीजमध्ये आणि त्याच्या पुढे दोन रेझिस्टरचा डिव्हायडर. साध्या एसीत हे बिनचूक चालतं, कारण त्याची सरासरी शून्य असते आणि कपॅसिटरने अडवण्यासारखं त्यात काही नसतं. रेक्टिफाय केलेल्या सिग्नलची सरासरी मात्र पीकच्या ०.६३७ पट असते, आणि बहुतेक वेळा आपल्याला मोजायची असते तीच. कपॅसिटर नेमकी ती खाऊन टाकतो. २ व्होल्ट पीकचा रेक्टिफाय केलेला सिग्नल कपॅसिटरमधून १ व्होल्ट बायसवर बसवला, तर तळ १ व्होल्टवर येत नाही. सरासरी १ व्होल्टवर येते, म्हणून तळ उणे ०.२७ वर जातो आणि माथा १.७३ वर. सिग्नल निम्मा झाला की तळ ०.३६ वर चढतो. म्हणजे सिग्नल जसजसा बदलतो तसतसा त्याचा पायाही हलतो. हा ऑफसेट वजा करायचा म्हटलं तर किती वजा करायचा, हे सिग्नल माहीत असल्याशिवाय कळणार नाही; आणि सिग्नल माहीत असता तर मोजायला कोण बसलं असतं!

जुन्या टीव्हीत हाच आजार होता. चित्राचा सिग्नल कपॅसिटरमधून गेला की काळ्या रंगाची पातळी दृश्यागणिक बदलायची, रात्रीचा प्रसंग राखाडी दिसायचा. तिथे एक डायोड लावून तळ पुन्हा ठरलेल्या जागी खिळवत, ते क्लॅम्प सर्किट. त्यावर पुस्तिकेत एक छोटं प्रकरण आहे. कपॅसिटर टाळताच येत नसेल तर ते वाचा, एरवी सोडून दिलं तरी चालेल.

कपॅसिटर नको, मग काय? सरळ सोपी वाट आहे आणि ती पुस्तकांत फारशी दिसत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी तरंगती असते, कोणत्याच टोकाने ग्राउंडला बांधलेली नसते. तिच्यावर बसलेला ब्रिजही तरंगताच. आपण सवयीने ब्रिजचं उणे टोक ग्राउंडला जोडतो. जोडू नका. ते आपल्या ऑफसेटच्या व्होल्टेजला जोडा. झालं, सगळ्या कमानी तेवढ्या वर उचलल्या गेल्या. समिंग अँप्लिफायर नको, जास्तीचा सप्लायही नको.

एक पथ्य मात्र आहे. लोड रेझिस्टर ब्रिजच्या अधिक आणि उणे टोकांमध्येच लावायचा, ग्राउंडला नाही. ग्राउंडला लावला तर एसी शून्याजवळ आला की ऑफसेटचा करंट उणे टोकाकडून डायोडांमधून वर चढून लोडमधून ग्राउंडला जातो आणि तळ ऑफसेटपेक्षा दोन डायोड-ड्रॉपांपर्यंत खाली घसरतो. ब्रिजच्या टोकांमध्येच लावला तर लोडचा करंट ब्रिजच्या आतल्या आत फिरतो. ऑफसेट देणाऱ्या डिव्हायडरवर भार पडतो तो फक्त एडीसीच्या नगण्य करंटचा, त्यामुळे साधे दोन रेझिस्टर पुरतात.

आकडे घालून बघू. ६ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर, पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात मिळेल असा. छोट्या ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले व्होल्ट पूर्ण लोडचे असतात. रिकामा चालवला तर तो ६ च्या जागी ७ च्या वर देतो. ७.२ धरा. पीक झाला १०.२. ब्रिजमध्ये १एन४००७ चे चार डायोड, करंट मिलिअँपिअरच्याही पाव भागापेक्षा कमी, म्हणून दोन डायोडांचा ड्रॉप नेहमीच्या १.४ ऐवजी साधारण १.१ व्होल्ट. उरले ९.१. ब्रिजच्या दोन टोकांमध्ये ३९ किलोओहम आणि १० किलोओहम सिरीजमध्ये, १० चा रेझिस्टर उणे बाजूला. मधल्या बिंदूवर पीकला १.८६ व्होल्ट मिळतात. ब्रिजचं उणे टोक ३.३ व्होल्टवरून १० किलोओहम आणि १ किलोओहमच्या डिव्हायडरने काढलेल्या ०.३ व्होल्टला. मधला बिंदू एडीसीला. आता सिग्नल ०.३ पासून २.१६ पर्यंत फिरतो. मेनचे २३० चे २६० व्होल्ट झाले तरी माथा २.४२ वर थांबतो, भरवशाच्या पट्ट्याच्या आत. गावाकडच्या फीडरवर रात्री लोड उतरला की २६० दिसणं नवलाचं नाही, म्हणून ही सोय आधीच ठेवलेली बरी.

या सर्किटात एक गोष्ट फुकट पदरात पडते. एसी जेव्हा अधिक-उणे १.१ व्होल्टच्या आत असतो तेव्हा एकही डायोड चालत नाही. १०.२ च्या पीकला ही वेळ दर अर्ध्या सायकलमध्ये सुमारे ०.७ मिलिसेकंद येते. तेवढा वेळ सिग्नलचा तळ अगदी सपाट असतो आणि त्याची उंची म्हणजे ऑफसेटच, दुसरं काही नाही. प्रोग्रॅमने प्रत्येक १० मिलिसेकंदांत तो सपाट तुकडा शोधावा, त्याची सरासरी घ्यावी आणि तेवढी वजा करावी. ३.३ व्होल्टचा सप्लाय तापून सरकला, रेझिस्टर पाच टक्क्यांचे निघाले, ईएसपी३२ चा आतला रेफरन्स प्रत्येक चिपमध्ये थोडा वेगळा असतो तसा तो वेगळा निघाला, तरी फरक पडत नाही. सेकंदाला शंभर वेळा सर्किट आपला ऑफसेट स्वतःच सांगतंय. डायोड-ड्रॉपला आपण एरवी शिव्या घालतो, इथे तोच कामाला येतो.

ड्रॉपची दुसरी बाजूही सांगायला हवी. तळ सपाट होतो तशाच कमानीही तेवढ्याच ठेंगण्या होतात. हाही एक प्रकारचा ऑफसेट, उणे बाजूचा, आणि आपण न मागता आलेला. तो करंटप्रमाणे बदलतो, शिवाय दर अंश सेल्सिअसला प्रत्येक डायोडमागे सुमारे २ मिलिव्होल्टने कमी होतो. १० व्होल्टच्या सिग्नलमध्ये तो हिशेबात धरून भागतं. सीटीवरून येणाऱ्या २०० मिलिव्होल्टच्या सिग्नलमध्ये डायोड चालूच होणार नाही. तिथे ऑप-अँपच्या फीडबॅकमध्ये डायोड घातलेला प्रिसिजन रेक्टिफायर हवा, आणि त्याला ऑफसेट द्यायचा तर सगळी ग्राउंडं एकदम उचलून एका रेफरन्सवर न्यावी लागतात. एखादं ग्राउंड मागे राहिलं की पुन्हा लहान-मोठ्या कमानी. ती सर्किटं तिसऱ्या प्रकरणात आहेत.

हार्डवेअर नीट झालं तरी गणितात पाय घसरतो. ऑफसेटवर बसलेल्या साध्या एसीचं आरएमएस काढायचं तर ऑफसेटचा वर्ग आणि एसीच्या आरएमएसचा वर्ग यांची बेरीज करून वर्गमूळ घेतात, हे सगळ्यांना पाठ असतं. रेक्टिफाय केलेल्या सिग्नलला तेच सूत्र लावलं की उत्तर कोसळतं. साध्या एसीची सरासरी शून्य असल्यामुळे वर्ग करताना मधलं पद, म्हणजे ऑफसेट गुणिले सरासरीची दुप्पट, नाहीसं होतं. रेक्टिफाय केलेल्याची सरासरी शून्य नसते, म्हणून ते पद ठाण मांडून राहतं. २ व्होल्ट पीक घ्या. आरएमएस १.४१४, सरासरी १.२७३. त्यावर १ व्होल्ट ऑफसेट. नेहमीचं सूत्र सांगतं १.७३२. खरं उत्तर २.३५५. उलट दिशेने जाऊन २.३५५ च्या वर्गातून १ वजा करून मूळ घेतलं तर मिळतात २.१३, म्हणजे खऱ्या आकड्याच्या दीडपट. आणि सरळ २.३५५ मधून १ वजा केला तर १.३५५, चार टक्के कमी. हे शेवटचं सर्वात धोक्याचं, कारण ते जवळजवळ बरोबर दिसतं आणि मग पुढचे सहा महिने कोणी ते तपासत नाही.

क्रम साधा आहे: प्रत्येक सँपलमधून आधी ऑफसेट वजा करा, मग वर्ग, मग सरासरी, मग मूळ. सरासरी काढून १.११ ने गुणण्याची जुनी रीत वापरत असाल तर ऑफसेट १.११ ने गुणण्याआधी कधीही वजा केला तरी चालतो: २.२७३ वजा १, गुणिले १.११, उत्तर १.४१. स्वस्त मल्टिमीटर अजून हेच करतात. फक्त हा १.११ चा गुणक शुद्ध साइनचा आहे हे विसरू नये. स्क्वेअर वेव्हला तो मीटर ११ टक्के जास्त दाखवतो, आणि कॉम्प्युटरच्या एसएमपीएसने ओढलेला टोकदार करंट बराच कमी दाखवतो. व्हीएफडीच्या आउटपुटला असा मीटर लावून मोटरवाल्याशी भांडायला जाऊ नये.

फेज कंट्रोलच्या रॅम्प-अँड-पेडेस्टल सर्किटाला मी शेवटचं प्रकरण दिलं आहे. झेनरने माथा कापलेल्या रेक्टिफाय केलेल्या सप्लायवर यूजेटी चालतो, कपॅसिटर आधी झटकन एका डीसी पातळीपर्यंत भरतो आणि तिथून पुढे हळूहळू चढतो. ती पातळी वर-खाली केली की थायरिस्टर लवकर किंवा उशिरा पेटतो. इथे ऑफसेट वजा करायचा नसतोच, तोच नियंत्रण करतो. यूजेटी आता बाजारात मुश्किलीने मिळतो, नवीन डिझाइनमध्ये कोणी घालत नाही. तरी जुन्या भट्ट्यांची पॅनलं दुरुस्तीला येतात, म्हणून ते ठेवलं.

काय वगळलं तेही सांगतो. मेनला थेट ब्रिज लावलेलं एकही सर्किट यात नाही. २३० व्होल्टचा पीक ३२५ असतो, आणि मेनवरच्या ब्रिजचं उणे टोक ग्राउंड नसतं. दर सायकलच्या एका अर्ध्या भागात ते फेजशी जोडलेलं असतं. त्यावर स्कोपची अर्थ-क्लिप लावली तर ब्रिजचा डायोड आणि स्कोपची अर्थिंग यांतून सरळ शॉर्ट होतो. मुलांना वाटतं स्कोप मोजण्याचं साधन आहे, तो काय करणार. फंक्शन जनरेटरवर प्रयोग करतानाही हाच प्रकार सौम्यपणे घडतो. जनरेटर आणि स्कोप यांची ग्राउंडं भिंतीतल्या अर्थिंगमधून आधीच एक असतात. एक एसी टोक आणि ब्रिजचं उणे टोक, दोन्हींवर ग्राउंड आलं की मधला डायोड शॉर्ट होतो. जनरेटरच्या ५० ओहममुळे काही पोळत नाही, फक्त निम्म्या कमानी गायब होतात आणि विद्यार्थी तासभर डायोड बदलत बसतो. त्यामुळे जनरेटरवर करायचे सगळे प्रयोग छोट्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधून दिले आहेत. ब्रिजच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज बघायचं असेल तर स्कोपचे दोन चॅनल वापरून वजाबाकी करा. क्लिप कुठेही अडकवू नका.

पहिल्या प्रकरणाला लागणारं सामान: ६ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार १एन४००७, ३९ किलोओहमचा एक, १० किलोओहमचे दोन आणि १ किलोओहमचा एक रेझिस्टर, ब्रेडबोर्ड, ईएसपी३२ चं बोर्ड. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला फ्यूज आणि हीट-श्रिंक आधी, बाकी सगळं नंतर. बोर्ड जोडण्याआधी मल्टिमीटर डीसीवर ठेवून मधला बिंदू ग्राउंडच्या मानाने तपासा. मीटर सरासरी दाखवतो, म्हणून साधारण दीड व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. अडीचच्या वर दिसला तर ३९ किलोओहमच्या जागी चुकून ३.९ लागलेला आहे. रंगपट्ट्या पुन्हा बघा.